लायसन्स 2021 चं, पण त्यावर एलएमव्ही कधी चढलं?

जत तालुक्यातून एका क्लीनरचं पत्र आलंय. कळंबोलीला ट्रकवर असताना तिथल्याच एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांनी 9 जुलै 2024 ला हेवी शिकायला नाव घातलं. ठरले चौतीस हजार. पाच हजार रोख दिले आणि सतरा हजार यूपीआयने, तेही शाळेच्या खात्यावर नाही, 'मोठ्या सरांच्या' मेहुण्याच्या नंबरवर. पाच-सहा दिवस पहाटे गाडीवर बसवलं. मग 'गाडी पासिंगला गेलीय', मग 'गाडी भाड्यावर आहे', मग फोन उचलणं बंद. पावणेदोन वर्षांनी आता शाळेचाच निरोप आलाय: उरलेले बारा हजार पाठवा, आरटीओत 'साहेबांचं' बघतो, महिन्यात लायसन्स हातात. बारा हजार द्यावेत का, आणि पोलिसांत गेलं तर बावीस हजार परत मिळतील का, असं ते विचारतात.

अशी पत्रं मला सारखी येतात, गाव आणि रक्कम तेवढी बदलते. पावती घ्यायला हवी होती, शाळेच्या खात्यावरच पैसे टाकायला हवे होते, हे मी पुन्हा उगाळत बसत नाही. तुम्हाला ते बावीस हजारांना समजलंय.

मला अडकवलं ते तुमच्या पत्रातल्या एका ओळीने: 'माझं लायसन्स 2021 चं, त्यामुळे माझ्याकडून काही कमी नव्हतं.' फोटो पाठवलात तो फक्त पुढच्या बाजूचा. मागची बाजू मला मागवून घ्यावी लागली. तिथे बारीक अक्षरात दोन ओळी आहेत. एमसीडब्ल्यूजी, म्हणजे गिअरची मोटरसायकल, 2021. आणि त्याखाली एलएमव्ही, म्हणजे हलकं मोटार वाहन, 22 फेब्रुवारी 2024. दोन वर्षांहून अधिक काळ हे कार्ड तुमच्या पाकिटात आहे, आणि ते उलटून बघायला एका वकिलाने सांगावं लागलं!

या तारखेवर तुमचं सगळं प्रकरण उभं आहे. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 7 म्हणतं की हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष जवळ असल्याशिवाय ट्रान्सपोर्ट वाहनाचं लर्निंगसुद्धा देता येत नाही. मोटरसायकलची वर्षं त्यात धरत नाहीत. म्हणजे 22 फेब्रुवारी 2025 च्या आधी तुम्हाला ट्रकचं लर्निंग मिळणं शक्यच नव्हतं, आणि शाळेने पैसे घेतले त्याच्या साडेसात महिने आधी. कार्ड तुम्ही बघितलं नाही हा गाफीलपणा झाला. पण ज्यांचा हा रोजचा धंदा, ते नाव घालताना पहिल्यांदा कार्डाची मागची बाजूच बघतात.

आता त्यांचा वकील काय म्हणेल? 'मुलगा शिकून गेला, मध्येच यायचा बंद झाला, फी परत मिळत नाही अशी पाटी भिंतीवर आहे.' कलम 7 समोर ठेवलं की हे टिकायला अवघड जातं. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे शाळेला प्रत्येक शिकाऊ माणसाची नोंद फॉर्म 14 मध्ये ठेवावी लागते, आणि तिथे लर्निंगचा नंबर आणि मुदत लिहायची असते. तुमच्यापुढे ते काय लिहिणार? रकाना कोरा असेल, किंवा खोटा असेल. रोज किती तास गाडी चालवली याची वही वेगळी, फॉर्म 15. ट्रान्सपोर्ट वाहनासाठी किमान तीस दिवस आणि प्रत्यक्ष पंधरा तास चालवणं नियम 31 मध्ये आहे. ग्राहक आयोगाकडच्या तक्रारीत या दोन्ही वह्या हजर करायची मागणी करा. आणि त्या पहाटे लर्निंग नसताना स्टिअरिंग तुमच्या हाती दिलं होतं, हेही लपवू नका. आयोग तुम्हालाही दोन शब्द सुनावेल, ते ऐकून घ्या. कुणी गाडीखाली आलं असतं तर विमा कंपनीने हात वर केले असते. त्यापुढे दोन शब्द काहीच नाहीत.

बारा हजार देऊ नका. 'साहेबांचं बघतो' याचा अर्थ तुम्हाला कळतो आणि मलाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवलं तरच सुटका. कुणी अडवून मागत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा नंबर आहे. सरकारी शुल्क शेकड्यांत असतं, ते तुम्ही स्वतः ऑनलाइन भरू शकता.

पोलिसांबद्दल फार आशा लावू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीचा अर्ज जरूर द्या, पोच घ्या. पण ठाण्यात बहुधा 'हे दिवाणी आहे' हेच ऐकायला मिळेल, आणि गुन्हा दाखल झाला तरी पैसे त्यातून लवकर निघतील असं मी सांगणार नाही.

खरा रस्ता ग्राहक आयोगाचा, आणि तिथे तुम्ही वेळ जवळजवळ संपवलीय. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे मुदत दोन वर्षं. कुठून मोजायची यावर वाद घालता येईल, पण वाद घालण्याची पाळीच येऊ देऊ नका. पैसे दिल्या दिवसापासून मोजा आणि 8 जुलै 2026 ही शेवटची तारीख समजा. वर्षभर 'दादा, पैसे कधी?' असे मेसेज पाठवत राहिलात, त्याने घड्याळ थांबत नाही. नोटीस पाठवल्यानेही नाही. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण लागतं, आणि 'वाट बघत होतो' हे कारण मी कुठल्याही आयोगापुढे हौसेने मांडणार नाही.

कलम 34 मुळे तक्रार तुम्ही राहता तिथे, म्हणजे सांगलीच्या जिल्हा आयोगात करता येते. पनवेलला खेपा घालायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते. शाळा, तिचा मालक आणि तो मेहुणा, तिघांनाही सामनेवाले करा. कायदा म्हणतो निकाल तीन महिन्यांत. मी ते वाक्य वाचून आता हसतही नाही. वर्ष-दीड वर्ष धरून चाला.

एक धोका सांगून ठेवते. राष्ट्रीय आयोगाने 2020 च्या एका निकालात शिक्षणसंस्था, व्यावसायिक अभ्यासक्रमांसह, ग्राहक कायद्याबाहेर ठेवल्या, कोचिंग क्लास मात्र ठेवले नाहीत. ड्रायव्हिंग स्कूल कुठल्या बाजूला, यावर ते भांडतील. माझ्या मते ते कोचिंगच्या जवळ जातं, पण खात्री देत नाही. म्हणूनच तक्रार 'नीट शिकवलं नाही' अशी लिहू नका. 'कायद्याने जे देताच येत नव्हतं त्याचे पैसे घेतले' अशी लिहा. तिथे हरलात तर दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षं असतात, पण बावीस हजारांसाठी दिवाणी कोर्टात जा असं मी मनापासून म्हणू शकत नाही.

पुरावा नाही म्हणता, पण पत्रासोबत ते व्हिजिटिंग कार्ड आहे. पुढे शाळेचं नाव, ट्रकचं चित्र. मागे निळ्या पेनने '17 + 5 = 22, बाकी 12', खाली तारीख आणि गिरगटलेली सही. पावती न देणं हीसुद्धा कायद्याच्या व्याख्येत अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि हे कार्ड आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक मिळून पावतीचं काम करतील. ते पाकिटात ठेवू नका, शाई पुसट होतेय. व्हॉट्सअॅपच्या संभाषणासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र जोडा.

धाकट्या भावालाही हेवी शिकायचंय म्हणता. त्याचं वय वीस पूर्ण आणि एलएमव्हीला वर्ष झालेलं असू द्या. आठवी पासची अट 2019 मध्येच गेली, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. शाळेत शिरल्यावर आधी भिंतीवर मूळ परवाना बघा, फॉर्म 11, तो दर्शनी भागात लावणं सक्तीचं आहे. मुदत बघा. मग बाहेर या आणि ट्रक बघा. शाळेच्या मालकीचा ट्रक हवा, बाजूच्या सीटपाशी ब्रेक-क्लचचे दुसरे पेडल हवेत. खडी भरलेल्या डंपरवर शिकवणारी शाळा ही शाळा नाही, ती फुकटचा हमाल शोधतेय. परवान्यावर जे नाव, त्याच नावाच्या खात्यावर पैसे, आणि तेही लर्निंग हातात आल्यावर. एक तृतीयांश सुरुवातीला, एक तृतीयांश पंधराव्या दिवशी, उरलेले फॉर्म 5, म्हणजे शाळेचं प्रशिक्षण प्रमाणपत्र, मिळाल्यावर. त्या फॉर्मशिवाय ट्रान्सपोर्टचं लायसन्सच निघत नाही, म्हणून शेवटचा हप्ता तिथे अडकवायचा. शाळावाले कुरकुरतील. दोघं नाही म्हणतील, तिसरा हो म्हणतो.

तोवर तुम्ही रिकामे बसायची गरज नाही. 6 नोव्हेंबर 2024 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 7,500 किलोंपेक्षा कमी एकूण वजनाचं मालवाहू वाहन साध्या एलएमव्हीवर चालवता येतं. छोटा हत्ती त्यात बसतो.

राहिला तो निरोप. फोनवर बोलू नका, मेसेज करा: 'बारा हजार कशाचे, ते लेखी कळवा. 9 जुलै 2024 ला माझं लर्निंग कोणत्या नंबरचं होतं, तेही कळवा.' उत्तर आलं तर स्क्रीनशॉट ठेवा. नाही आलं तर दोन निळ्या खुणांचा ठेवा.