कुत्रीला वेळ आहे, घराला नाही?

"निवडणूक, घर आणि स्वतःचं काहीतरी, यातलं काय सोडू?" मी समुपदेशक आहे, आणि निवडणुकीच्या हंगामात हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. 'स्वतःचं काहीतरी' प्रत्येकाचं निराळं असतं. कुणाचा रियाज, कुणाचं पोहणं, कुणाचा भजनाचा क्लास. मेधाताईंच्या बाबतीत ती एक लॅब्रॅडॉर कुत्री होती. (नावं बदलली आहेत. वॉर्ड आणि पक्षही सांगत नाही. ग्वाल्हेरातली मराठी घरं एकमेकांची खबर ठेवून असतात.)

हा 2022 चा जून. मध्य प्रदेशात स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात. ग्वाल्हेर महापालिकेच्या 66 वॉर्डांतला यांचा वॉर्ड त्या खेपेला महिलांकडे गेला. मेधाताईंचे यजमान सुधीरराव तिथे कित्येक वर्षं राबत होते. नळाला पाणी नाही, नाला तुंबलाय, रेशनकार्डावर नाव चढत नाही, सगळी तक्रार यांच्याच दारी. टिकट त्यांनाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. वॉर्ड महिला झाला आणि त्याच संध्याकाळी कार्यकर्ते घरी येऊन म्हणाले, "भैया, भाभीजी को खड़ा कर दो." मेधाताई तेव्हा आत पोळ्या लाटत होत्या. होकार बाहेरच्या खोलीतच दिला गेला.

माझ्याकडे त्या आल्या त्या मात्र कुत्रीचं विचारायला. चिंगी सव्वा वर्षाची. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला बीएसएफच्या (सीमा सुरक्षा दलाच्या) अकादमीत कुत्र्यांचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे, तिथून निवृत्त झालेल्या एका हँडलरकाकांकडून मेधाताई गनडॉगचं शिक्षण शिकत होत्या. म्हणजे शिकाऱ्यानं पाडलेला पक्षी दात न लावता आणून हातात द्यायचं काम. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे, त्यामुळे बंदूक नाही आणि पक्षीही नाही, कॅनव्हासची डमी असते. पहाटे पाचला मेळा ग्राउंडवर. जूनमध्ये तिथे चिटपाखरू नसतं आणि साडेसहानंतर लॅब्रॅडॉरला ते ऊन सोसत नाही.

"सासूबाई म्हणतात, कुत्रीला वेळ आहे, घराला नाही," त्या म्हणाल्या. "हे म्हणतात, निवडणूक होईपर्यंत तिला भावाकडे पाठवून दे. नऊ वर्षांचा मुलगा म्हणतो, आई तू घरी असलीस तरी फोनवर असतेस. ताई, सगळ्यांचंच खरं आहे. सोडून देऊ का चिंगीचं?"

अशा वेळी बाई सगळ्यात आधी तेच सोडते ज्याला घरात कुणी वकील नसतो. पण सोडायला सोपी गोष्ट आणि वेळ खाणारी गोष्ट एकच असते असं नाही. म्हणून मी त्यांना सल्ला द्यायच्या आधी एका साध्या वहीत तीन दिवस लिहायला सांगितलं: किती वाजता, कुठे, आणि त्या वेळी निर्णय कुणी घेतला. हा शेवटचा रकाना मी मुद्दाम घालते.

वही वाचण्यासारखी होती. सकाळी सात ते अकरा जनसंपर्क. दुपारी उन्हामुळे प्रचार बंद, पण या घरी बसून याद्यांवरून फोन करत. संध्याकाळी साडेपाच ते दहा पुन्हा गल्ल्या. आणि साडेदहा ते एक 'आढावा'. हा आढावा त्यांच्याच बैठकीच्या खोलीत. पंधरावीस माणसं, पुरी-भाजीची पाकिटं, उद्या कुठली गल्ली, कुणाचा रुसवा काढायचा, मतदार पर्च्या कोण वाटणार. उमेदवार मेधाताई. त्या वेळात त्यांच्या नावापुढे लिहिलं होतं: 'चहा दोनदा. मग झाकपाक.' निर्णयाच्या रकान्यात दिवसभर 'हे', 'हे', 'अध्यक्षजी', 'हे'. 'मी' फक्त पहाटे पाच ते पावणेसहा.

मी त्यांना म्हटलं, पाऊण तास तुम्ही सोडलात तर तो घराला मिळणार नाही, आढावा पावणेदोनपर्यंत चालेल. त्या हसल्या. मग बराच वेळ रडल्या.

पुढच्या खेपेला सुधीररावांना सोबत बोलावलं. पहिल्यांदा मी मेधाताईंना काही विचारलं की उत्तर तेच देत. चिडले नाहीत, दमलेले होते. "ताई, लढतेय ही, पण हरली तर नाक माझं कापलं जाणार," ते म्हणाले. मला त्यांचा राग आला नाही. 'पार्षद पती', म्हणजे नगरसेविका बायको आणि कारभार नवऱ्याचा, म्हणून अशा माणसांची टिंगल करणं सोपं आहे आणि बऱ्याचदा रास्तही आहे. पण ज्या टिकटासाठी त्यांनी घाम गाळला ते एका सोडतीत गेलं, आणि त्याबद्दल दोन शब्द हळहळायला त्यांना कुणी वेळच दिला नव्हता. ते विचारल्यावर ते पहिल्यांदा गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्यात मेधाताई बोलायला लागल्या.

त्या बोलल्या चिंगीबद्दल. हा भाग मी सविस्तर सांगते, कारण प्रश्नाची खरी गाठ इथेच सुटली. गनडॉगला पहिला धडा आणण्याचा नसतो, थांबण्याचा असतो. डमी हवेत उडाली, समोर पडली, तरी नाव घेऊन सोडल्याशिवाय जागचं हलायचं नाही. एक लांब शिट्टी म्हणजे बस आणि माझ्याकडे बघ, भराभर छोट्या शिट्ट्या म्हणजे परत ये. हुकूम एकदाच द्यायचा. 'बस, बस, बस गं' केलं की कुत्री तिसऱ्या 'बस'ची वाट बघायला शिकते. चारपाच फेका झाल्या की तिला अजून हवं असतानाच थांबायचं. चिंगीला हे सगळं येत होतं. घराला प्रचाराचं रूप आलं आणि अंगणातली पोरं दिवसभर तिला टेनिसचा चेंडू फेकायला लागली. कुणी 'सिट' म्हणतंय, कुणी 'बैठ', कुणी 'आजा'. आठवड्याभरात मेळा ग्राउंडवर डमी हातातून सुटायच्या आत ती पळू लागली. "ती बिघडली नाहीये," मेधाताई नवऱ्याला म्हणाल्या, "तिला दहा माणसं हुकूम देतायत. आणि मलाही." सुधीररावांनी मान खाली घातली. यावर मी काहीच बोलले नाही. समुपदेशकानं तोंड बंद ठेवायच्या वेळा असतात.

मग व्यवहाराचं बोलणं झालं. नावं मागे घ्यायची मुदत 22 जूनला संपलेली, मतदान 6 जुलैला, म्हणजे घर नव्यानं बसवायला वेळ नव्हताच. आढावा घरातून उठवून प्रचार कार्यालयात न्यायचा, आणि सुरुवात मेधाताईंनी करायची: उद्याच्या गल्ल्या त्या ठरवणार, मग घरी. सुधीररावांना हे जड गेलं. "लोक म्हणतील भाभीजी झोपायला गेल्या." मेधाताई म्हणाल्या, "म्हणू देत, सकाळी सातला पहिल्या दारात मीच असते." दुपारी दोन ते चार फोन कपाटात. जूनच्या ग्वाल्हेरात त्या वेळी कुणी दारही उघडत नाही, मग ते दोन तास मुलाचे आणि जेवणाचे. रविवारी सगळ्यांनी एकत्र बाहेर जेवायचं असंही ठरलं होतं, ते एकदाही जमलं नाही. शेवटच्या आठवड्यात असल्या योजना टिकत नाहीत, मी त्यांचा आग्रहही धरत नाही.

चिंगीचं असं: अंगणातला चेंडू जप्त. पहाटेचं सत्र रोजचं न ठेवता एक दिवसाआड. नवीन धडा नाही. न पाहिलेली डमी हाताच्या खुणेवरून शोधायची, हा अवघड धडा काका सुरू करणार होते, तो पुढे ढकलला. जुनंच घटवायचं. मुलाला डमी फेकायला सोबत न्यायची कल्पना सासूबाईंची, आणि ती मला फार आवडली, जरी पोरगा पहाटे पाचला उठायला कुरकुरायचा आणि कधी यायचा, कधी नाही. आई-मुलाची प्रत्येक भेट 'उपयोगी' व्हायला हवी असं मला वाटत नाही. झोपू द्यावं पोराला.

एक गोष्ट मात्र मेधाताईंनी माझ्या न सुचवता केली. त्यांनी प्रचाराचं पत्रक पर्समधून काढून टेबलावर ठेवलं. वर त्यांचा हात जोडलेला फोटो, खाली मोबाईल नंबर सुधीररावांचा. "पुढच्या छपाईत माझा घाला." सुधीरराव म्हणाले, फोन तुला झेपायचे नाहीत. त्या म्हणाल्या, झेपले नाहीत तर सांगेन. दुसऱ्या छपाईत दोन्ही नंबर आले, मेधाताईंचा वर.

मतदानाच्या आदल्या दिवशी दोघं पुन्हा आले. मतदान संपण्याच्या 48 तास आधीपासून प्रचाराला बंदी असते, त्यामुळे त्या दिवशी उमेदवाराला वेळ असतो आणि धाकधूकही. त्या दिवशी जिंकण्या-हरण्याचं दोन्ही बोलून घेतलं. हरलो तर महिनाभर कुणी कुणाला 'तुझ्यामुळे' म्हणायचं नाही. जिंकलो तर बैठकीला कोण जाणार, कागदावर सही करण्याआधी वाचणार कोण, आणि दारी आलेल्याला 'साहेब आहेत का' असं विचारलं तर घरातून उत्तर काय जाणार. शेवटच्यावर ते पाऊण तास भांडले. चांगलं भांडले, मुद्द्याला धरून.

निकाल लिहीत नाही, ओळख पटेल. पालिकेची मुदत पाच वर्षांची, म्हणजे पुढची फेरी 2027 मध्ये. ज्या घरांत तिची तयारी आतापासून सुरू आहे तिथल्या नवराबायकोंनी आरक्षण निघण्याच्या आधी, बाहेरच्या खोलीत माणसं जमण्याच्या आधी, एवढं ठरवून ठेवावं: वॉर्ड महिला झाला तर उभं राहायचं की नाही हे कोण सांगणार, आणि पत्रकावर नंबर कुणाचा असणार.