मार्चमधलं बार्सेलोना: तापमान सोडा, वारा बघा

काका, तुमच्या प्रश्नाला आधीच बरीच उत्तरं आली आहेत, तरी मी लांबलचक लिहिणार आहे, कारण त्यातली निम्मी उत्तरं एप्रिल-मेची आहेत. तुम्ही विचारलं होतं की मार्चच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मुलीकडे बार्सेलोनाला येतोय, तर समुद्रकाठचे पक्षी बघायला हे दिवस बरे का, थंडी किती असते, आणि दुर्बीण वाहून आणण्यात काही अर्थ आहे का. मी मूळची सोलापूरची, उजनीच्या काठावर पक्षी बघायला शिकले. गेली अकरा वर्षं इथे आहे आणि यातले बहुतेक मार्च चिखलात उभी राहून काढलेत.

आधी एक अपेक्षा मोडते. कुणीतरी तुम्हाला बी-ईटर, रोलर, हळद्या यांची यादी दिली आहे. त्यांच्या नादी लागू नका. बी-ईटर म्हणजे युरोपातले रंगीत वेडे राघू, ते इथे साधारण एप्रिलच्या मध्यापासून दिसायला लागतात, रोलर आणि हळद्या त्याच्याही नंतर. मार्चचा मधला भाग म्हणजे रेल्वे स्टेशनवरची ती वेळ, जेव्हा एक गाडी सुटायची असते आणि दुसरी फलाटावर शिरत असते. हिवाळी पाहुणे अजून पूर्ण गेलेले नसतात आणि आफ्रिकेतले पहिले प्रवासी पोचायला लागलेले असतात. यादी एप्रिलइतकी लांब होत नाही, पण मला स्वतःला हाच काळ जास्त आवडतो. एकाच तळ्यात हिवाळा आणि उन्हाळा शेजारी शेजारी बसलेले दिसतात.

आता हवेबद्दल. सगळे तुम्हाला तापमान सांगतायत. दुपारी पंधरा-सतरा अंश, पहाटे सात-आठ, हे बरोबर आहे. पुण्याच्या डिसेंबरातली पहाट समजा. पावसाचाही बाऊ करू नका. बार्सेलोनात अख्ख्या वर्षात जेवढा पडतो त्याहून जास्त मुंबईत एकट्या जुलैत पडतो. पण या किनाऱ्यावर तापमान आणि पाऊस बघून दिवस ठरवणारा माणूस फसतो. इथे वारा बघायचा. कुठून येतोय, कधीपासून येतोय, एवढंच. जुन्या कातालान कोळ्यांनी आणि शेतकऱ्यांनी प्रत्येक दिशेच्या वाऱ्याला नाव ठेवलंय ते उगाच नाही. त्यातले तीन तुमच्या कामाचे.

दक्षिणेकडचा वारा सुटला की हवा एकदम उबदार होते, पारा कधी कधी बावीस-चोवीसवर जातो, आकाश पिवळट धुरकट दिसतं. ती सहाराची धूळ असते. त्यात चार थेंब पडले तर गाड्यांवर तांबूस चिखलाचे ठिपके उठतात. असा दिवस आला की शहरातली सगळी माणसं बाहेर पडतात आणि नवखे पक्षीनिरीक्षकही. जाऊन बघतात तर तळं रिकामंच. कारण सोपं आहे: पाठीमागून वारा मिळाला की पक्षी कशाला थांबतील? सहारा आणि भूमध्य समुद्र ओलांडून आलेला पक्षी फुकटची लिफ्ट मिळत असताना खाली उतरत नाही, उंचावरून सरळ फ्रान्सकडे निघून जातो.

उलटा वारा म्हणजे त्रामुंताना. उत्तरेचा, कोरडा, थंडगार. पश्चिमेला जास्त दाबाचा पट्टा आणि इटलीच्या जेनोआजवळच्या समुद्रावर कमी दाब अशी जोडी जमली की हवा पिरेनीज पर्वताच्या पूर्व टोकाला वळसा घालून बार्सेलोनाच्या ईशान्येला असलेल्या एंपुर्दाच्या सपाटीवर कोसळते. झोत ताशी शंभर किलोमीटरच्याही वर जातात. आकाश मात्र धुऊन काढल्यासारखं निळं, आणि कानिगो शिखर (२,७८४ मीटर, मार्चमध्ये पांढरंशुभ्र) हाताच्या अंतरावर आल्यासारखं दिसतं. खिडकीतून बघितलं तर वाटतं काय सुंदर दिवस आहे. दार उघडलं की कळतं.

पक्ष्यांची मात्र गंमत होते. दोन-तीन दिवस दक्षिणेच्या वाऱ्यावर स्वार होऊन आलेली झुंड पिरेनीजच्या पायथ्याशी पोचते आणि तोंडावर त्रामुंतानाचा फटका बसतो. पुढे डोंगर, समोरून वारा. मग जे मिळेल त्या पाणथळीत उतरायचं. ती पाणथळ म्हणजे आय्ग्वामोल्स दे लेंपुर्दा, रोसेसच्या उपसागराला लागून. दक्षिणेचा वारा पडून उत्तरेचा सुटला की पहिल्या दिवशीच तिथे जा. तिसऱ्या दिवसापर्यंत थांबलात तर नवीन कुणी येत नाही आणि आलेले झाडोऱ्यात दडून बसतात.

तीन वर्षांपूर्वीची अशीच एक सकाळ. एल कोर्तालेत या माहिती केंद्रापासून निघणाऱ्या पायवाटेवर मी एकटीच. दोन्ही बाजूंना झावाची झुडपं, त्यांच्या आडोशाला जरा वारा कमी. पुढे वाटेवर काळी-काळी ढेकळं दिसली. वाटलं, गुरांचं शेण असेल. दुर्बीण लावली तर माळभिंगऱ्या! पन्नास-साठ, जमिनीवर, वाऱ्याकडे तोंड करून, पंख अंगाशी घट्ट. आपण माळभिंगरी बघतो ती तारेवर नाहीतर हवेत. जमिनीवर अशी दमून बसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. दहा पावलांवर गेले तरी हलल्या नाहीत. एकीने फक्त मान वळवून बघितलं, कपाळावरचा विटकरी रंग उन्हात चमकला आणि डोळा अर्धवट मिटला. मी मागे फिरले. त्यांना उडवून वाट काढायची म्हणजे त्यांच्या अंगात उरलेली शेवटची ताकद खर्चायला लावायची. त्या दिवशी मी लांबच्या बांधावरून गेले, आणि तिथे शहाणपणा करून ट्रायपॉडचे पाय पूर्ण उंच केले. एका झोतात स्कोपसकट आडवा झाला, भिंगाला कडेने चीर गेली. ती अजून आहे. तेव्हा वाऱ्यात ट्रायपॉड बुटका ठेवा, मधल्या दांड्याला पिशवी लटकवा आणि उत्तरेकडे उघडणाऱ्या हाइडमध्ये (लपून पक्षी बघायच्या खोपटात) बसू नका. फटीतून वारा थेट डोळ्यात येतो आणि गळणाऱ्या पाण्यातून सगळीच बदकं सारखी दिसतात. झोत ताशी सत्तरच्या वर सांगितले असतील तर घरीच बसा.

तिसरा वारा पूर्वेचा, येव्हांत. हा ढग, पाऊस आणि खवळलेला समुद्र घेऊन येतो. तळ्यावर जाण्यात मजा नाही, पण सरळ समुद्रावर जा, आडोसा बघा आणि लाटांकडे दुर्बीण लावून बसा. गॅनेट हे मोठे पांढरे समुद्रपक्षी किनाऱ्याजवळ येतात, आणि बॅलिअरिक शिअरवॉटर लाटांना चाटून जाताना दिसण्याची शक्यता असते. हा पक्षी फक्त बॅलिअरिक बेटांवर घरटी करतो आणि अतिसंकटग्रस्त आहे. आपल्याकडे तो कधीच दिसणार नाही, म्हणून पावसात भिजायची तयारी ठेवा.

आय्ग्वामोल्सबद्दल थोडं जास्त. शेजारीच एंपुरियाब्रावा नावाचं कालव्यांचं पर्यटकनगर आहे, प्रत्येक बंगल्यापुढे बोट. सत्तरच्या दशकात उरलेल्या दलदलीचीही तशीच वाट लागणार होती. स्थानिक लोकांनी ते अडवलं आणि १९८३ साली हे संरक्षित उद्यान झालं. बंगले कुठे संपतात आणि वेताचं बन कुठे सुरू होतं ते डोळ्यांना स्पष्ट दिसतं. एल कोर्तालेतच्या आसपास पांढऱ्या करकोच्यांची घरटी आहेत. मार्चमध्ये त्यांचे संसार जोरात असतात. जोडीदार घरट्यावर उतरला की दोघं माना मागे टाकून चोची वाजवतात, थेट चिपळ्यांचा आवाज. भजनाला बसल्यासारखं वाटतं.

पाण्यावर थापट्या, तलवार बदक, छोटी मराल यांची शेवटची फळी असेल. त्यांच्यात गार्गेनी शोधा, नराची पांढरी भुवई लांबूनही ओळखू येते. भिगवणला तुम्ही ती पाहिलीच असेल, पण भिगवणची गार्गेनी हिमालयापलीकडून येते आणि ही पश्चिम आफ्रिकेतून. जात तीच. शेकाट्या याच सुमारास पोचतात, आणि कंठेरी चिखल्या, हुदहुद हेही. वेतात निळ्या गळ्याचा शंकर पक्षी अजून असतो, निघायच्या बेतात. आणि एक खास पाहुणा: ग्रेट स्पॉटेड कक्कू. हा आपल्या चातकाचा सख्खा भाऊबंद, तसाच तुरा, पण पावसाची वाट न बघता फेब्रुवारी-मार्चमध्येच येतो आणि इथल्या मॅगपायच्या घरट्यात अंडी घालतो. पाइनच्या झाडांत मॅगपाय आरडाओरडा करत असतील तर थांबा. वर आकाशातही बघत राहा, सापमार गरुड मार्चमध्येच परततो.

जायचं कसं: बार्सेलोनाहून फिगेरेसला साधी रेल्वे, दोनेक तास. तिथून कास्तेयो देंपूरिएसला बस, आणि पुढे एल कोर्तालेतपर्यंत चारेक किलोमीटर सपाट चाल. मुलगी गाडी घेऊन येणार असेल तर उत्तमच. भात साठवायच्या जुन्या सायलोंचा (उंच कोठारांचा) एक निरीक्षण मनोरा आहे, त्यावर जरूर चढा, पण टोपी सांभाळून.

एवढं लांब जाणं जमलं नाही तरी काही बिघडत नाही. योब्रेगात नदीचा त्रिभुज प्रदेश बार्सेलोनाला चिकटूनच आहे, विमानतळ त्यातच बांधलाय. रेमोलार-फिलिपिनेस भागातल्या हाइडमध्ये बसलं की डोक्यावरून विमानं जातात आणि समोर वारकरी पक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या, मोर शराटी निवांत चरत असतात. सुरुवातीला आवाजाचा त्रास होतो, अर्ध्या तासात विसरायला होतं. मी कामाच्या दिवशीही सकाळी दोन तास जाऊन येते. सूर्य मार्चच्या मध्यात सात-सव्वासातला उगवतो, त्यामुळे फार पहाटे उठायचीही गरज नाही.

एब्रोच्या त्रिभुज प्रदेशाबद्दल मात्र माझं मत बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे. जागा अफाट आहे, तीनशे चौरस किलोमीटरच्या वर, आणि फोटोंत दिसते ती पाण्याने भरलेली भातखाचरं बघून कोकणच आठवतं. पण ती खाचरं एप्रिलमध्ये पाणी सोडल्यावर तशी दिसतात. मार्चमध्ये बहुतेक शेतं कोरडी, नांगरलेली असतात. पक्षी तेव्हा तांकादा, एन्कान्यिसादा या खारकच्छांवर (समुद्रालगतच्या खाऱ्या तळ्यांवर) गोळा झालेले असतात. गाडी आणि एक मुक्काम दोन्ही असेल तर जा, रेल्वेने एका दिवसात उरकायला जाऊ नका. तिथले रोहित (फ्लेमिंगो) रस्त्यावरूनच दिसतात. आपल्याकडे भिगवणला येतात तीच जात, पण तुम्ही याल तेव्हा त्यांचा नाच चालू असेल आणि रंग जास्त गडद असेल. नीट बघा: शेपटीच्या बुडाशी असलेल्या तेलग्रंथीवर गाल घासतात आणि मग तो मानेवर, छातीवर चोळतात. त्या स्रावात रंगद्रव्य असतं. विणीच्या आधी ही रंगरंगोटी सगळ्यात जोरात चालते.

शहरात कंटाळलात तर कुठल्याही बागेत ताडाच्या झाडांकडे बघा. काटक्यांचे भलेमोठे गठ्ठे दिसतील, ती मंक पॅराकीटची सामायिक घरटी. दक्षिण अमेरिकेचे हे पिंजऱ्यातून सुटलेले पोपट आता इथलेच झालेत. त्यांच्या कलकलाटात अधूनमधून ओळखीचा आवाज येईल, तो आपला राघू, गळ्यात गुलाबी कंठी असलेला. तोही इथे स्थायिक झालाय.

दुर्बीण आणाच. आठ बाय बेचाळीस (आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची) असेल तर बाकी काही लागत नाही. कपड्यांत जाड स्वेटरपेक्षा वारा अडवणारं पातळ जाकीट आणि माकडटोपी. हसू नका, त्रामुंतानात मी तीच घालते आणि इथल्या दोन मैत्रिणींनी माझ्याकडून मागवून घेतली आहे. उन्हाची टोपी आणि क्रीमही हवं. थंड वाऱ्यात ऊन जाणवत नाही आणि संध्याकाळी नाक सोललेलं असतं. बुटांना चिखल लागणार हे धरून चला.

आल्याआल्या मेटेओकॅट या इथल्या हवामान खात्याच्या संकेतस्थळावर वाऱ्याचा नकाशा बघायची सवय लावा आणि ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशीच्या नोंदी. बारा दिवस आहेत म्हणजे निदान एकदा तरी वारा फिरेलच. तारखा आधी ठरवून तिकिटं काढून ठेवू नका, फिगेरेसचा दिवस मोकळा ठेवा. तुमची मुलगी शहराच्या कुठल्या भागात राहते तेवढं कळवा, म्हणजे रेमोलारला तिथून कुठली बस पडेल ते सांगते.