‘नन’ म्हणजे दार सताड उघडं

प्रश्न : मालावर आयात शुल्क असतं, त्यामुळे त्याची घासाघीस समजते. सेवेवर सीमेवर शुल्कच नाही. मग जागतिक व्यापार संघटनेत, जिनिव्हात, वर्षानुवर्षं बोलतात तरी काय?
– एक निवृत्त गणित शिक्षक

उत्तर : सर, बोलतात ते एकमेकांच्या कायद्यांबद्दल. परदेशी बँकेला किती शाखा काढता येतील, विमा कंपनीत परक्यांची मालकी किती टक्के, बाहेरच्या डॉक्टरची पदवी चालेल की नाही, हीच सेवेवरची जकात. फक्त ती बंदरावर वसूल न होता परवान्याच्या अर्जावर होते.

एक एक्स-रे घ्या. तो इंटरनेटवरून दुसऱ्या देशातल्या डॉक्टरला पाठवला आणि रिपोर्ट आला, हा मोड १. रुग्णच तिकडे गेला, तर मोड २. तिकडच्या कंपनीनं रुग्णाच्या देशात येऊन हॉस्पिटल बांधलं, तर मोड ३. आणि डॉक्टर स्वतः काही महिन्यांसाठी आला, तर मोड ४. १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटनेबरोबरच लागू झालेला ‘गॅट्स’ हा सेवा करार या चार वाटांवर उभा आहे. जगातल्या सेवा व्यापाराचा साधारण साठ टक्के भाग मोड ३ मधून, म्हणजे भांडवलाच्या वाटेनं जातो. मोड ४ चा वाटा जेमतेम तीन टक्के. विकसनशील देशांकडे भांडवल कमी आणि माणसं जास्त. त्यांच्याकडून मागितला जातो मोड ३, ते मागतात मोड ४. हा हिशेब तुम्हाला फळ्यावर मांडून दाखवायची गरज नाही.

प्रश्न : अशा करारावर सही केली की सरकारी दवाखाने आणि पाणीपुरवठा परदेशी कंपन्यांना खुला करावाच लागतो, असं एका व्याख्यानात ऐकलं. खरं आहे का?
– एक नगरसेविका

उत्तर : ताई, ‘करावाच लागतो’ हे खरं नाही. बाजार खुला करण्याचं बंधन प्रत्येक देश आपल्या यादीत लिहील तेवढ्याच सेवांपुरतं असतं. शिवाय सरकार आपल्या अधिकारात देतं त्या सेवा कराराबाहेर आहेत. मात्र त्याला दोन अटी आहेत : सेवा व्यापारी तत्त्वावर नको आणि दुसऱ्या कुणाशी स्पर्धेतही नको. सरकारी दवाखाना फी घेत असेल आणि समोरच खासगी हॉस्पिटल असेल, तर तो कुठे बसतो यावर वकिलांचं अजून एकमत नाही. म्हणून मी या कलमावर विसंबत नाही, यादीवर विसंबतो.

ही यादी वाचणं हे आमचं रोजचं काम होतं, आणि त्यात मी पहिल्याच महिन्यात तोंडावर आपटलो. यादीत एकीकडे सेवेचं नाव असतं आणि पुढे बाजार प्रवेशावरची व राष्ट्रीय वागणुकीवरची (म्हणजे परक्याला देशी कंपनीसारखंच वागवण्यावरची) बंधनं, प्रत्येकी चार मोडनुसार. रकान्यात बहुतेकदा एकच इंग्रजी शब्द : ‘नन’ (None) किंवा ‘अनबाउंड’ (Unbound). मी समजलो, ‘नन’ म्हणजे काहीच दिलं नाही आणि ‘अनबाउंड’ म्हणजे मोकळं रान. आहे नेमकं उलटं. ‘नन’ म्हणजे बंधन काहीच नाही, दार सताड उघडं. ‘अनबाउंड’ म्हणजे आम्ही कशालाच बांधील नाही. मी केलेला अख्खा तक्ता उलटा होता. बाईंनी, म्हणजे आमच्या वरिष्ठांनी, तो पाहिला, पेन्सिलीनं वर बाण काढला आणि माझ्याकडे सरकवला. बोलल्या काहीच नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पण शब्दात फसायला माझ्यासारखा नवशिकाच लागतो असं नाही. अमेरिकेनं आपल्या यादीत ‘इतर मनोरंजन सेवा, स्पोर्टिंग वगळून’ असं लिहून पुढे मोड १ ला ‘नन’ घातलं होतं. अँटिग्वा आणि बार्ब्युडा हा कॅरिबियन बेटांवरचा देश, लोकसंख्या लाखाच्या आसपास, त्यांचा धंदा इंटरनेटवरच्या जुगाराचा. अमेरिकेचे कायदे तो आपल्याकडे चालू देत नव्हते. म्हणून ते २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार घेऊन गेले. अमेरिका म्हणाली, स्पोर्टिंगमध्ये जुगारही येतो, तो आम्ही वगळलाच आहे. मग शब्दकोश निघाले, यादीचे फ्रेंच आणि स्पॅनिश शब्दही ताडून पाहिले गेले, आणि २००५ मध्ये अपिलातही ठरलं की जुगार वगळलेला नाही. अँटिग्वा जिंकला.

ताई, खरी गंमत पुढे आहे. दिलेलं वचन परत घ्यायचं, तर कलम २१ प्रमाणे इतर देशांना भरपाई द्यावी लागते. अमेरिकेनं तेच केलं आणि युरोपीय संघ, जपान, कॅनडा यांना गोदामं, तांत्रिक चाचण्या अशा दुसऱ्या सेवांमध्ये सवलती दिल्या. अँटिग्वानं वर्षाला ३४४ कोटी डॉलरची मागणी केली होती. २००७ मध्ये लवादानं मान्य केले २.१ कोटी, तेही रोख नव्हे, तर तेवढ्या किमतीच्या सवलती रोखून धरण्याचा हक्क. एवढ्याशा देशानं अमेरिकेच्या कुठल्या सवलती रोखायच्या?

तेव्हा तुमच्या व्याख्यात्यांना विचारा, पाणीपुरवठा आपल्या यादीत आहे का आणि असेल तर कोणत्या रकान्यात काय लिहिलंय. एखादं सरकार आज खासगीकरण करतं, पुढचं ते मोडतं, हे चालायचंच. पण मधल्या काळात ती सेवा यादीत ‘नन’ म्हणून गेली असेल, तर पुढच्या सरकारला मोडण्याची किंमत मोजावी लागते.

प्रश्न : मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मोड ४ मधून परदेशात कायमची नोकरी मिळेल का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : नाही. कराराच्या परिशिष्टातच लिहिलंय की नागरिकत्व, कायमचं वास्तव्य आणि कायमची नोकरी हे विषय त्यात येत नाहीत. जी वचनं आहेत, तीही बहुतेक कंपन्यांनी एका देशातून दुसऱ्या देशातल्या शाखेत पाठवलेल्या व्यवस्थापकांसाठी. परिचारिकेची पदवी मान्य करण्याची सक्तीही करार कुणावर करत नाही.

तू देशादेशांमधले स्वतंत्र करार पाहा, आणि पाहताना परीक्षा कोणत्या भाषेत आहे ते आधी बघ. जपाननं असा करार करून २००८ मध्ये इंडोनेशियाहून परिचारिका नेल्या. घरी अनुभव घेतलेल्या, शिकलेल्या मुली. जपानी राष्ट्रीय परीक्षेला २००९ मध्ये त्यांच्यापैकी ८२ जण बसले, उत्तीर्ण शून्य. पुढच्या वर्षी फिलिपिन्सचे धरून २५४ बसले, उत्तीर्ण तीन. अंथरुणाला खिळून होणाऱ्या जखमा त्यांनी कितीतरी रुग्णांच्या साफ केल्या असतील, पण प्रश्नपत्रिकेत त्याला ‘जोकुसो’ म्हणतात आणि तो शब्द कांजी या जपानी चित्रलिपीच्या अवघड चिन्हांत लिहितात. अवघड चिन्हांवर उच्चार छापायला लागले, ते नंतर.