वाचक विचारतात: ऊसवाल्या इनिसफेलमध्ये एवढी वेगवेगळी माणसं आली कुठून?

प्रश्न: माझा भाचा ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला केळीच्या बागेत कामाला आहे, इनिसफेल नावाच्या गावात राहतो. वस्ती जेमतेम सात-साडेसात हजार, पण तिथे चायनीज देऊळ आहे, गुरुद्वारा आहे आणि दुकानांच्या पाट्यांवर इटालियन आडनावं. एवढ्याशा गावात हे सगळे कसे काय पोचले?

उसामुळे. कुणाला आणलं, कुणी आपणहून आलं, पण बहुतेकांच्या येण्यामागे ऊसच होता. एका शब्दात उत्तर संपतं खरं, पण त्यात फार माणसांची आयुष्यं खर्ची पडलीत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

केर्न्स शहराच्या दक्षिणेला साधारण 90 किलोमीटरवर, नॉर्थ जॉन्स्टन आणि साउथ जॉन्स्टन नद्या एकत्र येतात तिथे हे गाव आहे, पाऊस वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास. मुळात ही मामू नावाच्या इथल्या मूळ रहिवाशांची जमीन, सगळं दाट रेनफॉरेस्ट, आणि ती त्यांच्याकडून कुणी विकत घेतली नाही, सरळ काढून घेतली. 1880 मध्ये थॉमस हेन्री फिट्झजेराल्ड ब्रिस्बेनच्या कॅथलिक चर्चमधल्या मंडळींचं भांडवल घेऊन इथे ऊस लावायला आला. गावाला आधी त्याच्यावरून जेराल्डटन म्हणायचे, पण त्याच नावाचं बंदर पश्चिम ऑस्ट्रेलियातही होतं आणि घोटाळे व्हायचे, म्हणून 1910 मध्ये इनिसफेल केलं.

आता भांडवल आलं, जमीन मिळाली, पण त्या दमट उन्हात जंगल तोडायचं कुणी आणि ऊस तोडायचा कुणी? क्वीन्सलँडच्या मळेवाल्यांनी याचं उत्तर आधीच शोधून ठेवलं होतं. 1863 ते 1904 या काळात आजचं वानुआटू, सॉलोमन बेटं या भागातून 62 हजारांच्या आसपास लोक आणले गेले, काही करार करून, आणि बरेचसे, विशेषतः सुरुवातीच्या वर्षांत, फसवून किंवा सरळ पळवून. करार तीन वर्षांचा आणि पगार वर्षाला सहा पौंड. महिन्याला नाही, वर्षाला! त्यातले हजारो तिथेच आजारपणात मेले, कारण युरोपियनांकडून आलेल्या रोगांची त्यांच्या शरीराला सवयच नव्हती. आणि मग 1901 मध्ये ऑस्ट्रेलिया एक देश झाला तेव्हा पहिल्या काही कायद्यांतच यांना परत पाठवायचं ठरलं, कारण देश गोऱ्यांचाच ठेवायचा होता. 1906 च्या शेवटापासून सात हजारांच्या वर लोकांना बोटीत बसवलं, ज्यांनी इथेच लग्नं केली होती, पोरंबाळं झाली होती अशांनाही. काही हजार जण कसेबसे राहिले, त्यांची नातवंडं-पतवंडं आज क्वीन्सलँडभर आहेत, पण वेगळा समाज म्हणून केंद्र सरकारने त्यांना मान्यता दिली ती थेट 1994 मध्ये. मला विचाराल तर या गावाची गोष्ट सांगताना यांच्यापासूनच सुरुवात करायला हवी, कारण साखरेचा पाया यांनी घातलाय.

चिनी लोकांनी इथलं जंगल साफ केलं, केळी लावली, दुकानं टाकली. ओवेन स्ट्रीटवरचं लिट सिंग गुंग देऊळ त्यांचंच. पंजाबातून आलेले शीख आधी उसात राबले आणि पुढे केळीच्या बागांत मालक झाले, त्यामुळे तुमच्या भाच्याला एखादा शीख बागायतदार भेटला तर ते घराणं कितीतरी पिढ्यांपासूनचं असू शकतं, विचारून बघायला सांगा. या दोघांनाही कायद्याने खूप अडवलं. 1913 चा क्वीन्सलँडचा कायदा असा होता की ऊस लावायचा तर आधी डिक्टेशनची, म्हणजे ऐकून बरोबर लिहायची, परीक्षा पास करा, आणि ती परीक्षा कुणाला बाहेर ठेवायला होती ते सगळ्यांना माहीत होतं.

बेटांवरचे लोक गेल्यावर जागा भरली युरोपातल्या गरिबांनी. इटालियन लोकांचा पहिला मोठा जथा 1891 मध्येच जुमना बोटीने उत्तर क्वीन्सलँडला उतरला होता, तीनशेच्या वर माणसं, पण खरा लोंढा आला 1920 च्या दशकात. टोळीत राहायचं, बराकीत झोपायचं, पैसा साठवायचा आणि मग चार-पाच जणांनी मिळून जमीन घ्यायची, अशी त्यांची पद्धत होती. त्याचाही राग आलाच लोकांना. 1930 मध्ये युनियन आणि मळेवाले यांच्यात समझोता झाला की तोडणीला चारातले तीन जण ब्रिटिश वंशाचे हवेत. दुसऱ्या महायुद्धात तर या इटालियनांतल्या कित्येकांना शत्रू म्हणून छावण्यांत डांबलं, शेतात ऊस उभा आणि घरात बायका-पोरं एकटी.

प्रश्न: तोडणीच्या आधी ऊस पेटवायची पद्धत तिकडेही होती असं वाचलं. पाचट काढायचा कंटाळा म्हणूनच ना?

नाही हो, तिथे कारण जिवावरचं होतं. 1930 च्या दशकात तोडणी कामगार पटापट आजारी पडायला लागले, कडक ताप, कावीळ, किडनी निकामी, काही दगावले. रोग होता वाइल्स डिसीज, म्हणजे आपण लेप्टो म्हणतो तोच. उसात उंदीर, उंदरांचं मूत पाचटावर आणि चिखलात, आणि तोडणाऱ्याच्या हातापायाला कापल्याच्या जखमा असायच्याच. फड पेटवला की उंदीर पळतात आणि पाचट जळून जातं, म्हणून कामगारांची मागणी होती की आधी जाळा, मग आम्ही तोडतो. शेतकऱ्यांना ते नको होतं कारण जळका ऊस लगेच गाळपाला गेला नाही तर त्यातली साखर घटते, आणि जळक्या उसाच्या पैशात कपात व्हायची.

1935 मध्ये टली, इनिसफेल, मोरिलियन, साउथ जॉन्स्टन या पट्ट्यात संप झाला, कित्येक आठवडे चालला. आणि इथे मला फार महत्त्वाचं वाटतं ते हे की काही वर्षांपूर्वीच ज्यांना एकमेकांविरुद्ध उभं केलं होतं ते ब्रिटिश आणि इटालियन कामगार या संपात एका बाजूला होते, त्यांची स्वतःची युनियन विरोधात असताना. बायकांनी कमिट्या केल्या, संपकऱ्यांसाठी जेवणं रांधली. संप तेव्हा मोडला, पण पुढे जाळून तोडणीच सगळीकडे रुळली. 1970 च्या दशकाच्या शेवटी सगळी तोडणी मशीनवर गेली, आता तर त्या पावसाळी पट्ट्यात ऊस हिरवाच तोडतात आणि पाचट रानातच पसरून ठेवतात, ओल टिकते आणि माती वाहून जात नाही.

प्रश्न: ऑस्ट्रेलियातले ते विषारी बेडूक उसामुळेच आले का?

हो. केन टोड. 1935 मध्ये हवाईहून शंभरेक आणून गॉर्डनव्हेलजवळ वाढवले आणि केर्न्स-इनिसफेल भागात सोडले, उसाची मुळं खाणारी हुमणी संपेल म्हणून. हुमणी जमिनीखाली, तिचे भुंगे वर उंच पानांवर, आणि टोड मधल्या मधे. हुमणी आहे तशीच राहिली, टोड मात्र आज उत्तर ऑस्ट्रेलियाभर पसरलेत.

प्रश्न: भाच्याला सुट्टीत तिथे काय बघायला सांगू?

आधी गावातल्या इमारतीच बघायला सांगा. 10 मार्च 1918 च्या चक्रीवादळात गावातली डझनभर घरं सोडली तर सगळं आडवं झालं, 37 माणसं गावातच गेली आणि आजूबाजूला आणखी कितीतरी. नंतर जे बांधलं ते बरंचसं काँक्रीटमध्ये आणि त्या वेळच्या आर्ट डेको फॅशनमध्ये, म्हणजे सरळ रेषा आणि भौमितिक नक्षीच्या, म्हणून गावातल्या इमारती आज तशा दिसतात. 20 मार्च 2006 ला लॅरी वादळ आलं तेव्हा नुकसान प्रचंड झालं, देशातली बहुतेक केळी झोपली, मोरिलियनचा साखर कारखाना त्यानंतर बंदच पडला, पण जीव एकही गेला नाही.

नदीकाठी संगमरवरी ऊसतोड कामगाराचा पुतळा आहे, 1959 मध्ये क्वीन्सलँडला शंभर वर्षं झाली तेव्हा इटालियन समाजाने गावाला दिलेला, तो चुकवू नये. मे महिन्याच्या सुरुवातीला तिथे असेल तर दक्षिणेला सिल्कवूड गावात जावं, सिसिलीच्या आल्फिओ, फिलाडेल्फो आणि चिरिनो या तीन संतांची जत्रा 1950 पासून भरते, मूर्तींची मिरवणूक निघते आणि लांब लांब राहायला गेलेली कुटुंबं त्या दिवशी परत येतात. गळीत हंगाम साधारण जून ते नोव्हेंबर, तेव्हा साउथ जॉन्स्टनच्या कारखान्याकडे उसाच्या छोट्या रेल्वेगाड्या दिवसरात्र धावतात. रूळ अवघे दोन फूट रुंदीचे पण गाडी भली लांब आणि पटकन थांबत नाही, तेव्हा क्रॉसिंगवर फोटोच्या नादात रुळाजवळ जाऊ नको म्हणावं.