स्पेनच्या किनाऱ्यापासून थोडं आत: निवृत्तीचं घर आणि तुमचे प्रश्न

प्रश्न: आम्ही दोघं बासष्ट-त्रेसष्टचे. अलिकांते आणि अल्मेरियाच्या किनाऱ्यावरची घरं आवाक्याबाहेर आहेत, पण आत पिनोसो, अल्बोक्स अशा गावांत अंगणासकट घर जमण्यासारखं वाटतं. घर घेतलं की तिथं राहण्याचा परवाना मिळतो ना? (वाचक, पुणे)

नाही. ५ लाख युरोंच्या मालमत्तेवर परवाना देणारी 'गोल्डन व्हिसा' योजना स्पेननं ३ एप्रिल २०२५ पासून बंद केली. तुमच्या बजेटच्या घराला ती तशीही लागू नव्हती. त्यामुळे घर सध्या बाजूला ठेवा आणि 'रेसिदेन्सिया नो लुक्रातिवा', म्हणजे नोकरी-धंदा न करता राहण्याचा व्हिसा, आपल्याला मिळतो का ते आधी बघा.

उत्पन्नाची अट 'इप्रेम' या सरकारी निर्देशांकावर ठरते. तो महिन्याला ६०० युरो आहे. मुख्य अर्जदाराला त्याच्या चौपट, म्हणजे २,४०० युरो, आणि जोडीदारासाठी आणखी ६०० दाखवावे लागतात. दोघांचे मिळून वर्षाला ३६,००० युरो झाले. पेन्शन, घरभाडं, व्याज, ठेवी चालतात. पगार चालत नाही, आणि पुण्यातल्या जुन्या कंपनीचं घरबसल्या केलेलं सल्लागारीचं कामही चालत नाही. पहिला परवाना १ वर्षाचा असतो, पुढचा २ वर्षांचा. नूतनीकरणाच्या वेळी दोन वर्षांची रक्कम एकदम दाखवायची असते, हे बरेच जण विसरतात.

सर्वांत आधी आरोग्यविम्याची चौकशी करा, कारण अडतं ते तिथंच. स्पेनमध्ये काम करण्याची परवानगी असलेल्या कंपनीचा, उपचाराच्या वेळी खिशातून काही भरावं न लागणारा आणि प्रतीक्षाकाळ नसलेला विमा लागतो. प्रवासविमा दाखवला तर अर्ज फेटाळला जातो. वय वाढेल तसे नवे ग्राहक घ्यायला कंपन्या नाखूश असतात आणि मधुमेह किंवा हृदयविकाराची नोंद असेल तर नकारही येतो. लेखी होकार हातात आल्याशिवाय बाकीच्या कागदांवर पैसे घालू नका.

कागदांत आपल्याकडचा नेहमीचा घोळ नावाचा. लग्नाच्या दाखल्यावर पत्नीचं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, पतीचं नाव कधी मधलं नाव म्हणून आलेलं तर कधी गाळलेलं. स्पेनमध्ये लग्नानंतर बायकांचं आडनाव बदलत नाही, त्यामुळे तिथल्या कारकुनाला या दोन वेगळ्या बायका वाटतात. नावबदलाचं राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र आधीच जोडा. पुढे ओळखक्रमांक, बँक आणि घराचं खरेदीखत, सगळीकडे पासपोर्टवरचंच स्पेलिंग अक्षरशः तसंच ठेवा. विवाह दाखल्याला आधी राज्य सरकारची साक्षांकनाची मोहोर, मग परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिल आणि शेवटी शपथबद्ध अनुवादकाचं स्पॅनिश भाषांतर लागतं. हा क्रम उलटला, भाषांतर आधी झालं, तर अपोस्टिलवरचा मजकूर भाषांतरात येत नाही आणि पुन्हा पैसे भरावे लागतात. पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयातून मिळतो. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात.

व्हिसा मिळाला की पहिलं वर्ष भाड्यानं राहा. गाव ऑगस्टमध्ये बघा आणि जानेवारीतही. पिनोसो समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे. तिथं हिवाळ्यात रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो. जुनी घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली: जाड भिंती, थंडगार फरशी आणि बहुतेक वेळा मध्यवर्ती हीटिंग नाही. लोक लाकडी गोळ्यांची शेगडी वापरतात. त्या गोळ्यांची पोती साधारण १५ किलोंची असतात, ती घरात उचलून आणणार कोण, हे सत्तरीनंतरच्या हिशोबानं बघा.

प्रश्न: अल्मेरियाच्या आतल्या भागात मळ्यातलं घर बघितलं आहे. दलाल म्हणतो कागद स्वच्छ आहेत. काय तपासू? (वाचक, नाशिक)

दलालानं सुचवलेला वकील घेऊ नका, हे पहिलं. मग नोंदणी कार्यालयातून 'नोता सिम्प्ले' काढा. दहा-बारा युरोंत मिळते. त्यात मालक कोण आणि घरावर कर्ज आहे का ते कळतं, पण बांधकाम कायदेशीर आहे की नाही ते कळत नाही. म्हणून 'कातास्त्रो'चा, म्हणजे सरकारी भूमापन नोंदीचा, नकाशा शेजारी ठेवा, तो इंटरनेटवर फुकट दिसतो. नकाशात पोहण्याचा तलाव आणि मागची खोली आहे, नोंदीत नाही, असं दिसलं की थांबा.

या भागात शेतजमिनीवर बेकायदा बांधलेली घरं पुष्कळ आहेत. जानेवारी २००८ मध्ये वेरा इथं एका ब्रिटिश जोडप्याचं घर पाडण्यात आलं, आणि त्यांच्याकडे नगरपालिकेचा परवाना होता! तो परवानाच प्रादेशिक सरकारनं बेकायदा मानला होता. त्यानंतर अंदालुसियात, म्हणजे अल्मेरिया ज्या प्रदेशात येतं तिथं, नियम सैल झाले. कारवाईची मुदत उलटलेल्या घराला 'आफो' नावाची मान्यता मिळते. तिच्यामुळे वीज-पाण्याची रीतसर जोडणी होते, दुरुस्ती करता येते, पण एक खोली वाढवायची म्हटलं तर नाही. ही मान्यता विकणाऱ्यानं आणून द्यायची, आणि ती आल्याशिवाय खरेदी नाही, हे इसाऱ्याच्या करारातच लिहून घ्या. इसारा साधारण १० टक्के असतो. तुम्ही मागे हटलात तर तो जातो, विकणारा हटला तर दुप्पट परत मिळतो. जुन्या घरावर अंदालुसियात ७ टक्के हस्तांतरण कर आहे. नोटरी, नोंदणी, वकील यांचा खर्च त्याहून वेगळा.

पाणी कुठून येतं ते विचारा. नळ आहे, की टँकरनं टाकी भरावी लागते? सांडपाण्याची टाकी कुठं आहे, शेवटची कधी उपसली? आणि 'राम्ब्ला' किती लांब आहे ते बघा. राम्ब्ला म्हणजे वर्षभर कोरडा असणारा ओढा, त्यातून गाड्याही जातात. पण शरद ऋतूतल्या मुसळधार पावसात तो काही मिनिटांत भरून वाहतो. अल्बोक्स गाव अशाच राम्ब्लाच्या दोन्ही काठांवर वसलंय आणि ऑक्टोबर १९७३ च्या पुरात त्यानं मोठा तडाखा खाल्ला. पूररेषेचे सरकारी नकाशे फुकट पाहता येतात. दलाल ते दाखवणार नाही, तुम्ही बघा.

प्रश्न: दर वर्षी गणपतीपासून मकरसंक्रांतीपर्यंत महाराष्ट्रात राहिलो तर चालेल? (वाचक, ठाणे)

कायमचा परवाना हवा असेल तर नाही. तो पाच वर्षांनी मिळतो आणि त्या पाच वर्षांत स्पेनबाहेरची एकूण गैरहजेरी १० महिन्यांहून जास्त चालत नाही. तुमचे दर वर्षीचे चार महिने धरले तर २० महिने होतात. गणपती किंवा दिवाळी, एकच निवडा.

वर्षात १८३ दिवसांहून जास्त राहिलात की स्पेनचे करनिवासी झालात, आणि मग भारतातलं भाडं, व्याज सगळं तिथं दाखवावं लागतं. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण विवरणपत्र चुकत नाही. स्पेनबाहेरच्या, म्हणजे भारतातल्याही, ठेवी एका गटात (बँक खाती, गुंतवणूक, स्थावर असे गट असतात) ५०,००० युरोंहून जास्त असतील तर 'मोदेलो ७२०' हा वेगळा फॉर्मही भरा.

पैसे नेताना: निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर पाठवता येतात, पती-पत्नीला वेगवेगळे. घरखरेदीसाठी १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आधीच कापते. तो भारतातल्या विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर अडकून पडतो. रोकड त्या हिशोबानं ठेवा. रक्कम मार्च आणि एप्रिल अशी दोन वर्षांत विभागली तर दहा लाखांची सूट दोनदा मिळते.

प्रश्न: माझा पासपोर्ट ब्रिटिश आहे, सरकारी पेन्शन सुरू झालं आहे. मलाही खासगी विमा लागेल का? (वाचक, लेस्टर)

'एस-वन' फॉर्म मागवा. ब्रिटनचं सरकारी पेन्शन घेणाऱ्याला त्यावर स्पेनची सार्वजनिक आरोग्यसेवा मिळते. वाहन परवानाही २०२३ च्या करारामुळे परीक्षा न देता बदलून मिळतो. भारतीय परवानाधारकांना ही सोय नाही. निवासी झाल्यावर सहा महिन्यांनी तो चालत नाही, लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. अल्बोक्सला रेल्वे नाही, मोठं इस्पितळ वेर्काल-ओवेराला. दोघांपैकी एकालाच गाडी येत असेल तर हे मनावर घ्या.

भारतीय पासपोर्टवाल्यांना एक वर्ष राहिल्यानंतर पैसे भरून सरकारी आरोग्यसेवेत शिरता येतं: पासष्टच्या आत महिना ६० युरो, नंतर १५७. औषधांचे पैसे मात्र पूर्ण भरावे लागतात.

प्रश्न: मिक्सर, कुकर न्यावा का? (वाचक, कोल्हापूर)

न्या. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. आपली तीन पिनांची प्लग बसत नाही, ती बदलून घ्या. गावच्या घरांत मंजूर भार अनेकदा ३.४५ किलोवॉट असतो. इंडक्शन, हीटर आणि मिक्सर एकदम लावले की मुख्य स्विच पडतो. वीज कंपनीकडून भार वाढवून मिळतो, पण महिन्याचा स्थिर आकार वाढतो. स्वयंपाक गॅसवर करणार असाल तर साडेबारा किलोची नारिंगी टाकी येते. हरभरे, मसूर वाण्याकडे मिळतात, तूरडाळ मोठ्या शहरातून आणावी लागेल. कोथिंबीर मोरोक्कन दुकानात बघा आणि वास घेऊन घ्या, कारण तशाच दिसणाऱ्या पार्सलीच्या जुड्या शेजारीच असतात. कढीपत्त्याचं रोप कुंडीतच लावा आणि नोव्हेंबर उजाडला की घरात घ्या, एका रात्रीच्या गोठवणाऱ्या दहिवरानं तो जळतो.