वर्गणी भरू, की गेम सुटे विकत घेऊ?

मागच्या अंकात व्हिडिओ गेमच्या याच सदरात मी एक वाक्य बिनधास्त लिहून टाकलं होतं: "जुना गेम वर्गणीवर मिळत असेल तर विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका." महिनाभर त्याची फळं भोगते आहे. विरोधात पत्रं येणार हे ठाऊक होतं. पण ज्यांनी माझी बाजू घेतली त्यांची कारणं वाचून मलाच माझं वाक्य खटकायला लागलं. म्हणून या वेळी सगळी जागा याच विषयावरच्या पत्रांना आणि माझ्या उत्तरांना.

ताई, मी दर वर्षी निन्टेन्डो स्विच या गेमयंत्राची ऑनलाइन वर्गणी भरते ती केवळ जुन्या गेमसाठी. खेळते मात्र तीनच. टेट्रिस रोज रात्री झोपण्याआधी, आणि 'सुपर मारिओ वर्ल्ड' आणि झेल्डाचा 'अ लिंक टू द पास्ट' सुट्टीत. नवरा म्हणतो, तीन गेम एकदाचे विकत घे आणि मोकळी हो. आता मोठी वर्गणी घ्यावी असं माझ्या मनात आहे, त्यावरून आमची रोज जुंपते. कोणाचं बरोबर?

तुमच्या नवऱ्याचं गणित चोख आहे, फक्त ते शिळं झालंय. निन्टेन्डोचा वी हा कन्सोल, म्हणजे गेमचं यंत्र, २००६ मध्ये आला तेव्हा त्याच्या ऑनलाइन दुकानात एनईएस या निन्टेन्डोच्या जुन्या कन्सोलचा गेम ५ डॉलरला, त्यानंतरच्या सुपर निन्टेन्डोचा ८ ला आणि त्याहीनंतरच्या निन्टेन्डो ६४चा १० ला सुटा मिळायचा. म्हणजे तुमचा मारिओ आणि झेल्डा मिळून १६ डॉलर, तेही एकदाच. आज एका माणसाची साधी वर्गणी वर्षाला २० डॉलर आहे. ही सेवा सप्टेंबर २०१८ मध्ये २० एनईएस गेमनिशी सुरू झाली. तेव्हा तुमच्या तीन गेमपैकी एकही त्यात नव्हता. मारिओ आणि झेल्डा वर्षभरानं आले, टेट्रिस फेब्रुवारी २०२३ मध्ये. तुम्ही पहिल्या दिवसापासून भरत असाल तर पहिल्या सात वर्षांचेच १४० डॉलर झाले. त्या पैशांत जुन्या भावानं सुपर निन्टेन्डोचे १७ गेम आले असते आणि वर ४ डॉलर उरले असते. हे नवऱ्याला वाचून दाखवू नका.

पण ते दुकान आता आहे कुठे? वीचं दुकान ३० जानेवारी २०१९ ला बंद झालं, त्यानंतरच्या वी यू आणि थ्रीडीएस या यंत्रांचं २७ मार्च २०२३ ला. स्विचवर तर निन्टेन्डोनं जुन्या गेमचं असं सुटं दुकान उघडलंच नाही. तुमच्या तिघांपैकी एकही गेम त्या मूळ रूपात स्विचच्या दुकानात सुटा मिळत नाही. गंमत म्हणजे निन्टेन्डोचाच आर्केडमधला, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रावरचा, 'डाँकी काँग' त्याच दुकानात सुटा मिळतो, ८ डॉलरला, कारण तो हॅम्स्टर नावाची दुसरी कंपनी तिच्या 'आर्केड आर्काइव्ह्ज' मालिकेत विकते. म्हणजे सुटं विकणं जमत नाही असं नाही. विकायचं नाही, असं आहे.

तेव्हा "विकत घे आणि मोकळी हो" हा पर्याय, जुनं कार्ट्रिज (गेम भरलेली प्लास्टिकची डबी) आणि त्याचं यंत्र शोधायला निघालात तर वेगळं, तुमच्यापुढे नाहीच. राहिला प्रश्न कोणत्या वर्गणीचा. टेट्रिस रोज रात्री लागतो म्हणता, मग २० डॉलरची साधी वर्षाची वर्गणी भरा आणि त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. टेट्रिस नसता तर सुट्टीपुरती एका महिन्याची, ४ डॉलरची, घ्या म्हटलं असतं. ५० डॉलरची मोठी वर्गणी मात्र घेऊ नका. तिच्यात जास्तीचे गेम मिळतात ते निन्टेन्डो ६४ चे, सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्हचे आणि निन्टेन्डोच्या हातात धरायच्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचे. तुमच्या तिघांपैकी एकाच्याही मूळ रूपासाठी ती लागत नाही, तिन्ही साध्या वर्गणीतच आहेत.

हे मी शहाणपणानं सांगत नाहीये. मी ती मोठी वर्गणी घेतली आणि वर्षभर वही ठेवली. काय उघडलं, किती वेळ खेळले, का सोडलं. वर्षअखेरीला वहीत ६३ नावं झाली. त्यातल्या ४० हून जास्त नावांपुढे "दहा मि." एवढाच शेरा आहे. शेवटापर्यंत गेले ते गेम चार, आणि त्यातले तीन मी शाळेत असतानाच पूर्ण केलेले. म्हणजे वर्षभराचे पैसे भरून मी नवा म्हणावा असा एकच गेम खेळले.

पण तो एक सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. 'गनस्टार हीरोज', १९९३ चा, मेगा ड्राइव्हवरचा. दुकानात ठेवलेला असता तर मी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नसतं, धावायचं आणि गोळ्या झाडायच्या, एवढाच प्रकार वाटला असता. त्यात चार मूळ शस्त्रं आहेत आणि हातात एका वेळी दोन धरता येतात. दोन्ही मिळून तिसरंच काहीतरी तयार होतं. शत्रूच्या मागे लागणारं शस्त्र आणि वीज एकत्र केली तेव्हा नेम धरायची गरजच उरली नाही, मी बोट दाबून बसले आणि पडदा साफ होत गेला. दुसऱ्या दिवशी आग आणि आग घेतली, आणि अर्ध्या मिनिटात मेले. सुट्या खरेदीत असा गेम हाताला लागत नाही, कारण पैसे मोजताना आपण ओळखीचंच घेतो. मागच्या अंकातल्या वाक्यात खरं होतं ते एवढंच.

प्रवासात नेट नव्हतं तर जुने गेम उघडलेच नाहीत. आणि वर्गणी संपू दिली तर माझं सेव्ह केलेलं जाईल का?

सात दिवसांत एकदा तरी कन्सोल नेटला जोडावा लागतो, तेवढ्यात तुमची वर्गणी चालू आहे का ते तपासलं जातं. निघायच्या आदल्या रात्री जोडून घ्या. वर्गणी संपली तर सेव्ह कन्सोलवर तसाच राहतो, पण गेम उघडत नाही. पुन्हा वर्गणी भरली की सोडलं होतं तिथून पुढे. ढगावर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर, ठेवलेल्या प्रतीवर विसंबू नका, कारण ती सोय वर्गणीचाच भाग आहे.

तुम्ही उगाच गोल गोल फिरता. विकत घेतलं म्हणजे आपलं, वर्गणी म्हणजे भाडं. यात चर्चा करण्यासारखं काय आहे?

पहिल्या अर्ध्या वाक्यातच आहे. डिजिटल दुकानात 'खरेदी करा' या बटणामागे बहुतेक वेळा वापरण्याचा परवाना असतो, वस्तू नसते. कॅलिफोर्नियात यावर कायदाच झाला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे दुकानानं ग्राहकाला स्पष्ट सांगायचं की तुला परवाना मिळतो आहे, नाहीतर 'खरेदी' हा शब्द वापरायचा नाही. पीसी गेमचं ऑनलाइन दुकान असलेल्या स्टीमनं त्या आधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली. ती ओळ पहिल्यांदा दिसली तेव्हा मी ती दोनदा वाचली, आणि तरी पैसे भरले.

तरीही तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही, कारण परवान्या-परवान्यातही फरक असतो. डिसेंबर २०२४ मध्ये सेगानं स्टीम आणि इतर दुकानांतून आपले ६० च्या वर जुने गेम विक्रीतून काढले. ज्यांनी आधी घेतले होते त्यांच्या खात्यात ते राहिले, पुन्हा उतरवूनही घेता येतात. वर्गणीतून गेम निघाला की तो सगळ्यांसाठीच निघाला. जपानमध्ये मार्च २०२५ मध्ये स्विचच्या वर्गणीतून 'सुपर फॉर्मेशन सॉकर' निघाला. सात वर्षांची वर्गणी नियमानं भरणाऱ्यालाही तो उघडता येत नाही, काल भरणाऱ्यालाही नाही. फुटबॉलच्या एका जुन्या गेमसाठी कोणी रडलं असेल असं नाही, पण दार कोणत्या बाजूला उघडतं ते तेव्हा कळलं.

'आपलं' या शब्दाच्या सगळ्यात जवळ जाणारी डिजिटल खरेदी म्हणजे जीओजी. २००८ मध्ये जुन्या पीसी गेमसाठीच ते दुकान निघालं. तिथून मिळणाऱ्या फाइलला कुलूप नसतं. इन्स्टॉलर उतरवून बाहेरच्या डिस्कवर टाकला की दुकान राहो न राहो. पण उतरवून ठेवायचं काम तुमचं. खात्यात नुसती यादी असणं म्हणजे हातात फाइल असणं नव्हे, आणि इथे निम्मे लोक फसतात. आज संध्याकाळी तुमच्या यादीतले पहिले पाच गेम डिस्कवर घ्या, मग मला पुन्हा असंच कडक पत्र लिहा.

(वर्गणीवर चालणाऱ्या मासिकात बसून मी वर्गणीविरुद्ध लिहिते आहे, हे संपादकांनी माझ्या लक्षात आणून दिलं. खरंय. पण मासिकाची वर्गणी बंद केली म्हणून जुने अंक तुमच्या घरून कोणी उचलून नेत नाही.)

मला हवा असलेला जुना गेम ना वर्गणीत आहे ना विक्रीला. मग इम्युलेटरवर खेळलं तर काय बिघडलं?

इम्युलेटर (संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) बनवणं बेकायदा नाही, अमेरिकेत २००० साली सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात न्यायालयानं इम्युलेटर बनवणाऱ्या कनेक्टिक्सच्या बाजूनं निकाल दिला होता. दुसऱ्याच्या गेमची प्रत नेटवरून उतरवणं मात्र हक्कभंग आहे आणि मी ते करा असं इथे छापणार नाही. तुमची चीड मात्र मला समजते. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा अमेरिकेत २०१० च्या आधी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के कंपन्यांकडून कोणत्याच मार्गानं विकत मिळत नाहीत असं दिसलं. संशोधकांना तरी ग्रंथालयांकडून घरबसल्या हे गेम पाहायला मिळावेत म्हणून सवलत मागितली होती, ती तिथल्या कॉपीराइट कार्यालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. वर्गणी की खरेदी हा वाद उरलेल्या १३ टक्क्यांचा आहे.

या सगळ्या कटकटीपेक्षा मी मूळ कार्ट्रिजच घेतलं, झेल्डाचंच. ते कायमचं माझं ना? फक्त हल्ली सेव्ह राहत नाही.

तुमचंच. पण त्याच्या पोटात एक बॅटरी आहे आणि ती कायमची नाही. त्या काळच्या कार्ट्रिजमध्ये सेव्ह ज्या चिपवर असतो तिला सतत थोडी वीज लागते. ती देते एक चपटी गोल बॅटरी, सीआर२०३२, ३ व्होल्टची. अमेरिकेत हा गेम १९९२ मध्ये आला. इतकी वर्षं ती टिकली हेच खूप झालं. गेमला काही झालेलं नाही, नवी बॅटरी घातली की सेव्ह राहील.

कार्ट्रिजचे स्क्रू नेहमीच्या पेचकसानं उघडत नाहीत, ३.८ मिलिमीटरचा खास पेचकस लागतो. आत बॅटरीला पत्र्याच्या दोन जिभा जोडलेल्या असतात आणि त्या बोर्डाला डाख दिलेल्या असतात. नवी बॅटरी जिभांसकटच घ्या. साध्या बॅटरीवर थेट डाख लावायचा प्रयत्न करू नका, तापून फुटू शकते. अधिक आणि उणे बाजू काढण्याआधी कागदावर लिहून ठेवा.

माझ्या घरचं कार्ट्रिज मी असंच उघडलं होतं. सेव्ह अजून जिवंत होता, पण बॅटरी कधीही दगा देईल म्हणून मी आधीच बदलायला बसले. या गेममध्ये सेव्हच्या तीन जागा असतात, प्रत्येकीपुढे नाव आणि मिळवलेली हृदयं दिसतात. पहिल्या जागेवर भावाचं नाव होतं, त्यानं कॉलेजात असताना लिहिलेलं, आणि पुढे हृदयांच्या दोन ओळी. दुसऱ्या जागेवर माझं, अर्धवट. जुनी बॅटरी सुटली त्या क्षणी चिपची वीज गेली, हे मला कळत होतं आणि तरी हात चालूच राहिला. नवी बसवून टीव्हीला लावलं तर तिन्ही जागा रिकाम्या.

भावाला मी तीन दिवसांनी सांगितलं. तो म्हणाला, "आणि तुझा?" मी म्हटलं, माझाही. मग बराच वेळ काही बोलला नाही, आणि शेवटी विचारलं की त्याची हृदयं वीस होती की एकोणीस. मला सांगता आलं नाही.

तुमच्या कार्ट्रिजमध्ये आता काही टिकत नाही म्हणता, म्हणजे तुम्हाला गमावण्यासारखं काही नाही, निर्धास्त उघडा. ज्यांचा सेव्ह अजून शाबूत आहे त्यांनी कार्ट्रिज वाचणाऱ्या यंत्रानं तो आधी संगणकावर काढून घ्यावा, बॅटरी बदलल्यावर परत भरता येतो. यंत्र नसेल तर निदान पडद्याचा फोटो तरी काढा. मी काढला नव्हता.