निषेध म्हणजे पुरावा नव्हे

युरोपात ख्रिस्ती धर्म आल्यावर जुन्या प्रथा किती टिकल्या, हे शोधताना मीही इथेच आपटलो होतो, म्हणून आधी सांगतो. बिशपने एखाद्या प्रथेला झोडपलं म्हणजे ती त्याच्या गावात चालू होतीच, असं धरू नका. दक्षिण फ्रान्समधल्या आर्लचे बिशप सीझेरियस सहाव्या शतकात 1 जानेवारीला हरणाची सोंगं घेणाऱ्यांवर तुटून पडले. तीच तक्रार सुमारे 500 वर्षांनी जर्मनीतल्या वर्म्सचे बिशप बुर्खार्ड यांच्या प्रायश्चित्ताच्या प्रश्नावलीत (पाप कबूल करायला आलेल्याला पाद्र्याने विचारायच्या प्रश्नांच्या यादीत) दिसते. लोक तेव्हाही सोंगं घेत होते, की जुना मजकूर नुसता उतरवला गेला? शब्दाला शब्द लावून बघा. त्यासाठी लॅटिन हवंच, कितीही कंटाळा येवो.

माझा जीव मात्र इंग्लंडच्या एका शेतमंत्रात अडकलाय. नापीक शेताच्या चारी बाजूंची गवताळ ढेकळं पहाटेआधी काढायची, त्यांवर तेल, मध, यीस्ट, दूध घालायचं, चर्चमध्ये नेऊन पाद्र्याकडून चार मिसा (चर्चमधला मुख्य प्रार्थनाविधी) म्हणवून घ्यायच्या. पुढे हाक येते: ‘एर्के, एर्के, एर्के, भूमीच्या माते!’ यातलं जुनं नि ख्रिस्ती चिमट्याने वेगळं करत बसू नका.

आणि हो, वस्तूही बघा. डेन्मार्कात ट्रेंडगॉर्डनला दहाव्या शतकातला दगडी साचा सापडलाय. एकाच साच्यात क्रूसही ओतायचा आणि थॉर या जुन्या नॉर्स देवाचा हातोडाही. गिऱ्हाईक मागेल ते!